५५ वर साचलेला ढीग : नाटकाच्या तालमींसाठी लेन्स निवडण्याचे एक प्रकरण

माझ्या परिचयातील एक बाई गेली काही वर्षे एका लहानशा नाट्यसंस्थेच्या तालमींची आणि प्रयोगांची छायाचित्रे काढत आहेत. हे त्यांचे पोटापाण्याचे काम नाही. मात्र हौस म्हणून हाती घेतलेले हे काम त्या इतक्या नेमाने करतात, की तालीम संपली की त्याच रात्री सारी छायाचित्रे उतरवून घेतात, त्यांतून निवड करतात आणि जी पसंत पडत नाहीत ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून देतात. नापसंत छायाचित्रे पुसून न टाकण्याची ही सवय पुढे फार उपयोगी पडली, म्हणून तिचा उल्लेख आरंभीच करतो.

त्यांच्याकडे निकॉनचा डी५३०० हा कॅमेरा आहे. २०१३ साली आलेला, २४ मेगापिक्सेलचा, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असलेला) हा डीएसएलआर. आणि सोबत १८–५५ मिमी एफ/३.५–५.६ ही कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी किट लेन्स. (मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ : तो जितका मोठा तितके दृश्य जवळचे आणि अरुंद. एफपुढचा आकडा जितका लहान तितका प्रकाश अधिक.) या जोडीवर त्यांनी पुष्कळ चांगली छायाचित्रे काढली आहेत हे नोंदवले पाहिजे, कारण लेन्सची गरज आणि लेन्सची हौस या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मात्र निर्णय झालेलाच होता. ७०–२०० मिमी एफ/२.८ घ्यायची हे ठरले होते. प्रश्न नवी घ्यावी की वापरलेली, एवढाच उरला होता. हीच लेन्स का, असे विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, की नाटकांची छायाचित्रे काढणारे बहुतेक व्यावसायिक तीच वापरताना दिसतात.

हे निरीक्षण चुकीचे नव्हते. मोठ्या नाट्यगृहात प्रेक्षकांच्या मागे किंवा कडेच्या वाटेवर उभे राहून, रंगमंचापर्यंतचे अंतर कमीजास्त करण्याची मुभा नसताना काम करायचे असेल, तर ७०–२०० इतकी योग्य लेन्स क्वचितच सापडते. परंतु बाई जिथे उभ्या राहतात ती जागा अगदी वेगळी आहे. तालमीचा हॉल लहान असून नटांपासून त्यांचे अंतर साधारण ४ ते ८ मीटर असते, हवे तसे मागेपुढे सरकता येते, आणि प्रकाश मात्र नाट्यगृहापेक्षाही कमी असतो. व्यावसायिकांची लेन्स उसनी घेता आली तरी त्यांची जागा काही घेता येत नाही, आणि लेन्सचे सारे गणित जागेवरच उभे असते.

नापसंत फोल्डर

खरेदीचा विषय बाजूला ठेवून आम्ही आधी तो फोल्डर उघडला. निवडलेल्या छायाचित्रांवरून लेन्स जिथे पुरी पडली तेवढेच कळते. ती कुठे अपुरी पडली, हे नापसंत छायाचित्रांतच सापडते. फोकस चुकलेली छायाचित्रे त्यांत होती, पण अपेक्षेपेक्षा कमी. दाणेदार झालेली, म्हणजे नॉईजमुळे चेहऱ्याची कातडी वाळूसारखी दिसणारी, बरीच होती. सर्वांत मोठा गठ्ठा हललेल्या छायाचित्रांचा होता, आणि तोच नीट पाहण्यासारखा होता. मागचा पडदा स्पष्ट, खुर्चीची पाठ स्पष्ट, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे स्पष्ट. आणि नटाचा हात, मान, क्वचित ओठही विरघळल्यासारखे. म्हणजे कॅमेरा हलला नव्हता, माणूस हलला होता.

हा फरक लक्षात न आल्यामुळे बाईंनी वर्षभर व्हीआर या कंपनरोधक यंत्रणेवर भिस्त ठेवली होती. ती यंत्रणा छायाचित्रकाराच्या हाताचा थरथराट भरून काढते. नटाच्या हाताशी तिचा काही संबंध नसतो. थोडा हिशेब केला तर हे अधिक स्पष्ट होते. ५ मीटरवर उभ्या असलेल्या नटाचा हात सेकंदाला १ मीटर या वेगाने आडवा फिरला (बोलताना सहज केलेला हातवारासुद्धा यापेक्षा जलद असू शकतो), तर १/६० सेकंदात तो सुमारे १७ मिमी सरकतो. ५५ मिमी लेन्समधून ही सरक सेन्सरवर ०.१८ मिमी इतकी उमटते. त्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक मिलिमीटरमध्ये सुमारे २५५ पिक्सेल बसतात, तेव्हा तो हात ४७ पिक्सेलपर्यंत पसरतो. शटर १/२५० सेकंद केले तर हाच पसारा ११ पिक्सेलवर येतो, आणि १/५०० ला ५ ते ६ पिक्सेलवर. म्हणजे आपल्याला हवे होते ते निदान १/२५०.

ते का मिळत नव्हते, हे छायाचित्रांसोबत नोंदलेल्या आकड्यांतच होते. बहुतेक फसलेल्या छायाचित्रांची नोंद जवळपास एकसारखी होती : शटर १/६०, एफ/५.६, आयएसओ (म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की नॉईजही वाढतो) ३२००. एफपुढचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ आणि लेन्सच्या समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास यांचे गुणोत्तर होय. ५५ मिमीला एफ/५.६ असेल तर ते छिद्र जेमतेम १० मिमीचे ठरते. किट लेन्स १८ मिमीला एफ/३.५ देते, ५५ कडे जाता जाता ती सव्वा स्टॉपहून अधिक प्रकाश गमावते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होणे). थोडक्यात, बाई जिथे सर्वाधिक वेळ काम करत होत्या नेमक्या त्याच टोकाला त्यांची लेन्स सर्वांत अंधारी होती.

५५ चा ढीग

कोणती फोकल लेंग्थ किती वेळा वापरली, हे पाहण्याची पद्धत आता हौशी छायाचित्रकारांत बऱ्यापैकी रुळली आहे. प्रत्येक फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती असते आणि छायाचित्रे हाताळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तिच्यानुसार वर्गवारी करता येते. बाईंनी ती केली. अर्ध्याहून अधिक छायाचित्रे एकट्या ५५ मिमीवर काढलेली निघाली. मधल्या टप्प्यावर २४ ते ३५ च्या आसपास एक लहानसा उंचवटा होता आणि १८ वर आणखी एक ढीग. हे पाहून त्यांनी लगेच निष्कर्ष काढला, की आपली नजर ५५ ची आहे. तेव्हा ७०–२०० सोडून ५० मिमी एफ/१.८ घ्यावी. हलकी, साधी, फास्ट, म्हणजे भरपूर प्रकाश आत घेणारी.

इथे मी त्यांना थांबवले, आणि या प्रकरणातले माझे म्हणणे जर काही असेल तर ते एवढेच आहे. ज्या आकड्यावर झूमची कडी अडते, त्या आकड्यावर साचलेला ढीग ही पसंती नसते. पाणी भिंतीपाशी साचते तेव्हा त्याला तिथेच थांबायचे होते असे आपण म्हणत नाही. ५५ च्या पुढे जाता येत नव्हते, म्हणून ६०, ७०, ८५, १०० अशा साऱ्या इच्छा ५५ वर येऊन थबकल्या होत्या. १८ च्या ढिगाचेही तेच. एक्झिफमधला आकडा लेन्सने काय दिले ते सांगतो; छायाचित्रकाराला काय हवे होते ते त्यात लिहिलेले नसते.

मग ते कुठे लिहिलेले असते? बाईंच्या बाबतीत ते कातरीच्या खुणांत सापडले. निवडलेल्या छायाचित्रांपैकी ५५ वर काढलेली बहुतेक त्यांनी घरी कापून घट्ट केली होती. मूळ फाइल ६,००० पिक्सेल रुंद. कापल्यानंतर ३,६०० ते ४,००० उरलेली. ज्या प्रमाणात फ्रेम लहान केली त्या प्रमाणात फोकल लेंग्थ वाढवली असती तर तेच दृश्य थेट कॅमेऱ्यातच मिळाले असते. ५५ ला ६,००० ने गुणून ३,६०० ने भागले तर ९२ येतात, ४,००० ने भागले तर ८२. म्हणजे बाईंची नजर ८२ ते ९२ मिमीच्या दरम्यान पाहत होती आणि हातातली लेन्स ५५ ला संपत होती.

या हिशेबात एक खाच आहे, जी आम्हालाही आधी दिसली नाही. काही छायाचित्रांत बाईंनी आडव्या फ्रेममधून उभी पट्टी कापली होती, आणि तिची उंची पूर्ण ४,००० पिक्सेल तशीच राहिली होती. तिथे काही कापलेच नाही असे वाटते, पण कॅमेरा उभा धरला असता तर ती उंची सेन्सरच्या लांब बाजूवर, म्हणजे ६,००० वर, पडली असती. म्हणून तुलना नेहमी लांब बाजूची लांब बाजूशी करायची. तशी केली की तिथेही उत्तर ८२ च येते.

कापण्याची किंमतही आम्ही मोजली. फ्रेमची रुंदी ६० टक्के ठेवली की सेन्सरचे क्षेत्रफळ केवळ ३६ टक्के वापरात राहते. नॉईजच्या दृष्टीने हे जवळपास दीड स्टॉपचे नुकसान आहे. त्यामुळे आयएसओ ३२०० ची ती छायाचित्रे त्याहून कितीतरी वरच्या आयएसओची असल्यासारखी दाणेदार दिसत होती. वाळूसारख्या कातडीचे मूळ इथे होते. बाईंनी त्याचा दोष इतके दिवस कॅमेऱ्याच्या वयाला दिला होता.

पर्यायांचा विचार

आता गरज शब्दांत मांडता आली : ४ ते ८ मीटरवरून, ८५ मिमीच्या आसपास, १/२५० किंवा त्याहून जलद शटर, आणि आयएसओ शक्यतो ३२०० च्या खाली. एफ/५.६ ऐवजी एफ/२.८ मिळाले तर २ स्टॉप हाती येतात. ते दोन्ही शटर १/६० वरून १/२५० वर नेण्यातच खर्च होतात आणि आयएसओ ३२०० वरच राहतो. एफ/१.८ मिळाले तर ३.३ स्टॉप येतात. शटर १/२५० करूनही आयएसओ १२५० च्या आसपास उतरवता येतो, किंवा शटर १/५०० ठेवून आयएसओ २५०० वर काम भागते. एवढ्या प्रकाशात ७०–२०० एफ/२.८ ही लेन्स केवळ काठावर उत्तीर्ण होते, हे कागदावर मांडेपर्यंत आम्हा दोघांनाही जाणवले नव्हते.

या लेन्सचे इतर मुद्देही मग एकेक करून पुढे आले. निकॉनच्या २०१६ सालच्या ७०–२०० एफ/२.८ चे वजन १,४३० ग्रॅम आहे, म्हणजे बाईंच्या कॅमेऱ्याच्या जवळपास तिप्पट. हे वजन उगाच नसते : २०० मिमीला एफ/२.८ द्यायचे तर समोरचे छिद्र ७१ मिमीचे हवे, आणि तेवढी काच वाहून न्यावीच लागते. पण बाईंना २०० मिमी नकोच होते. ५ मीटरवरून २०० मिमीने क्रॉप सेन्सरवर ५९ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा दिसतो. त्यात फक्त एक चेहरा मावतो. न वापरायच्या टोकासाठी वजन वाहायचे आणि वापरायच्या टोकाला प्रकाश कमी घ्यायचा, असा हा व्यवहार झाला असता. खेळाच्या मैदानावर किंवा मोठ्या नाट्यगृहात मी हीच लेन्स बिनदिक्कत सुचवली असती.

कॅमेराच बदलून फुल फ्रेम घ्यावा, असाही एक सल्ला त्यांना कोणीतरी दिला होता. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ ३६ × २४ मिमी, क्रॉपचे २३.५ × १५.६, प्रमाण सुमारे २.३६ पट, म्हणजे जेमतेम सव्वा स्टॉपचा फायदा. एफ/५.६ वरून एफ/१.८ वर जाण्याने मिळणाऱ्या ३.३ स्टॉपपुढे तो लहान आहे, आणि फुल फ्रेमवर तेच दृश्य मिळवायला फोकल लेंग्थ दीडपट लागते ती वेगळीच. १७–५० एफ/२.८ या जातीच्या झूम आम्ही झटपट बाजूला ठेवल्या. त्या ५० ला संपतात, म्हणजे भिंत आणखी अलीकडे येते.

खरा मोह सिग्माच्या ५०–१०० मिमी एफ/१.८ चा होता. २०१६ सालची ही लेन्स खास क्रॉप सेन्सरसाठी केलेली आहे. तिचा पल्ला आम्ही काढलेल्या ८२ ते ९२ ला दोन्ही बाजूंनी कवेत घेतो आणि एफ/१.८ शेवटपर्यंत टिकते. कागदावर यापेक्षा चांगले उत्तर नाही, असे माझे आजही मत आहे. पण तिचे वजन दीड किलोच्या घरात जाते आणि तिच्यात कंपनरोधक यंत्रणा नाही. बाईंनी ती एकदा हातात धरून पाहिली आणि दोन-तीन मिनिटांत खाली ठेवली. त्या तालमीत सलग दोन-दोन तास उभ्या असतात, कॅमेरा डोळ्याला लावूनच. कागदावरच्या उत्तरात मनगटाचा विचार नसतो. तो त्यांनी केला, आणि मी वाद घातला नाही.

राहिल्या प्राइम लेन्स. ५० मिमी एफ/१.८ हलकी आणि उत्तम, पण ती घेतली असती तर कापणे सुरूच राहिले असते, किंबहुना ५५ पेक्षा थोडे अधिक कापावे लागले असते. ८५ मिमी एफ/१.८ गरजेला नेमकी लागू पडत होती. मात्र प्राइम म्हणजे एकच चौकट. ती तालमीत सोसवेल का, हा प्रश्न गणिताने सुटणारा नव्हता.

चिकटपट्टीची तालीम

माझ्याकडे ५५–२०० मिमीची एक जुनी झूम पडून होती. प्रकाशाच्या दृष्टीने ती किट लेन्सपेक्षा फार वेगळी नाही, पण आम्हाला तिच्याकडून प्रकाश नकोच होता. झूमची कडी ८५ च्या खुणेपाशी आणून तिच्यावर कागदी चिकटपट्टी गुंडाळली आणि बाईंना सांगितले, की अख्खी तालीम याच लेन्सवर काढा. छायाचित्रे हललेली आली तरी चालतील, फक्त चौकट पाहा. उसन्या लेन्सवर अशी चाचणी करणे मला भाड्याने आणलेल्या नव्या लेन्सवर करण्यापेक्षा बरे वाटते, कारण नवी फास्ट लेन्स हातात आली की माणूस मागच्या धूसर पार्श्वभूमीवरच खूश होतो आणि चौकटीचा प्रश्न राहून जातो.

पहिल्या तालमीनंतर बाई वैतागल्या होत्या. ५ मीटरवरून ८५ मिमीने १.३८ मीटर रुंद आणि ०.९२ मीटर उंच इतकाच तुकडा दिसतो. एका नटाची कमरेपासून वरची आकृती त्यात छान बसते, पण दोन पात्रे हातभर अंतरावर आली की एकाचा खांदा बाहेर जातो. दुसऱ्या तालमीत त्यांनी जागा बदलली. हॉलच्या मागच्या कोपऱ्यात, ८ मीटरवर त्या गेल्या. तिथून हीच चौकट २.२१ × १.४७ मीटर होते आणि दोघांचा प्रसंग आत येतो. तिसऱ्या तालमीपर्यंत त्या दृश्य उलगडण्याआधीच पावले मागेपुढे टाकू लागल्या होत्या. संहिता त्यांना पाठ आहे, हा त्यांचा मोठा फायदा. कोण कधी उठणार हे माहीत असल्यावर झूमची गरज निम्मी होते.

मागे गेल्याचा एक अनपेक्षित परिणाम त्यांनी स्वतःच दाखवून दिला. १८–५५ वर त्या चेहरा मोठा दिसावा म्हणून अगदी पुढे जात असत आणि मग जवळच्या नटाचे डोके मोठे, मागच्या नटाचे लहान असे येत असे. आता दोन्ही चेहरे एकाच मापाचे दिसत होते. याचे श्रेय पुष्कळदा लेन्सला दिले जाते, पण चेहऱ्यांचे परस्परप्रमाण केवळ अंतराने ठरते. लेन्सने त्यांना फक्त मागे उभे राहू दिले.

खरेदी आणि तपासणी

८५ घ्यायची हे ठरल्यावर वापरलेल्या लेन्सचा शोध सुरू झाला, आणि पहिल्याच वळणावर एक सापळा होता. ८५ मिमी एफ/१.८ डी ही निकॉनची जुनी लेन्स सहज मिळते. काच चांगली, बांधणी दणकट. पण तिच्यात फोकसची मोटर नसते. ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते, आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती मोटर दिलेलीच नाही. बाईंच्या कॅमेऱ्यावर ती लेन्स बसली असती, छायाचित्रही आले असते, पण फोकस हाताने करावा लागला असता. अंधाऱ्या हॉलमध्ये, हलत्या माणसांवर, एफ/१.८ ला. म्हणून २०१२ सालची, अंगची मोटर असलेली ८५ मिमी एफ/१.८ जी हीच शोधायची ठरली. तिचे वजन ३५० ग्रॅम आहे. शिवाय ती फुल फ्रेमसाठी केलेली असल्याने आणि निकॉनच्या झेड मालिकेच्या मिररलेस कॅमेऱ्यांवर एफटीझेड अडॅप्टरने ऑटोफोकससह चालत असल्याने, पुढे कॅमेरा बदलला तरी ती फुकट जात नाही.

पाहिलेली पहिली प्रत परत केली. वरून ती नव्यासारखी होती. मात्र मागून टॉर्चचा झोत तिरपा टाकून समोरून पाहिल्यावर आतल्या एका काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले. ती बुरशी. दमट जागी, बंद पिशवीत, वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कोणत्याही लेन्समध्ये ती वाढू शकते आणि काचेवरचा लेप खाऊ लागते. धुळीच्या दोन-चार कणांनी छायाचित्रात काही फरक पडत नाही, बुरशीचे मात्र तसे नसते.

दुसरी प्रत स्वच्छ होती. छिद्राची पाती कोरडी, कडी एकसारखी फिरणारी. तरीही एक तपासणी आवश्यक होती. डी५३०० मध्ये लेन्सनिहाय फोकस सुधारण्याची सोय नाही, त्यामुळे कॅमेरा आणि लेन्स यांचे जुळत नसेल तर ते घरी दुरुस्त करता येत नाही. आम्ही कॅमेरा तिपाईवर लावला, टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवली आणि तिच्यावरच्या एकाच खुणेवर एफ/१.८ ला दोन प्रकारे फोकस केला : एकदा व्ह्यूफाइंडरमधून, एकदा लाइव्ह व्ह्यूने. लाइव्ह व्ह्यू प्रत्यक्ष सेन्सरवरची प्रतिमा पाहून फोकस करतो, तर व्ह्यूफाइंडरचा फोकस वेगळ्या सेन्सरवर अवलंबून असतो. दोहोंत सातत्याने एकाच दिशेचा फरक आला तर जुळणीत दोष आहे असे समजावे. पुन्हापुन्हा केलेल्या चाचणीत फरक नगण्य निघाला. लेन्स घेतली.

वापरानंतर

नापसंत फोल्डर आजही भरतो, पण त्यातली छायाचित्रे आता वेगळ्या कारणांनी तिथे जातात. हललेली फार कमी झाली. फोकस चुकलेली वाढली. ते अपेक्षितच होते. ५ मीटरवर ८५ मिमीला एफ/१.८ वर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे २५ सेंटिमीटरचा असतो. किट लेन्सवर सवय लागलेल्या छायाचित्रकाराला तो कागदासारखा पातळ वाटतो. एक नट दुसऱ्याच्या अर्धा मीटर मागे उभा असेल तर दोघे एकाच वेळी स्पष्ट येत नाहीत. बाई आता बहुतेक एफ/२ ते एफ/२.२ वर काम करतात, दोन पात्रे असतील तेव्हा एफ/२.८ वर जातात, आणि त्या कॅमेऱ्याच्या ३९ फोकस बिंदूंपैकी मधले ९ क्रॉस प्रकारचे (उभ्या-आडव्या दोन्ही रेषांवर फोकस धरणारे) बिंदूच वापरतात, कारण कमी प्रकाशात कडेचे बिंदू चाचपडतात. एफ/१.८ ला पांढऱ्या कपड्यांच्या कडांवर जांभळी-हिरवी किनार येते; एफ/२.८ पर्यंत ती बरीच ओसरते. अशा फास्ट लेन्समध्ये ही किनार थोडीफार असायचीच.

एक अडचण मात्र आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. हॉलमधल्या साध्या दिव्यांखाली १/२५० ला काढलेल्या काही फ्रेम अंधारलेल्या, तर काही एका कडेला पिवळट येऊ लागल्या. दिव्यांचा प्रकाश विजेच्या प्रवाहाबरोबर लुकलुकत असतो : प्रवाह ५० हर्ट्झचा असेल तर सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्झचा असेल तर १२० वेळा. शटर १/६० ला असताना एक पूर्ण लुकलुक आत येत असल्याने फारसा फरक जाणवत नव्हता. शटर जलद झाल्यावर तिचा एखादाच तुकडा पकडला जाऊ लागला. लेन्सने जुना प्रश्न सोडवून नवा दाखवला म्हणायचा. रंगीत तालमीत रंगमंचाचे दिवे लागले की तो नाहीसा होतो. साध्या तालमीत बाई एकाच क्षणाच्या तीन-चार फ्रेम काढून ठेवतात.

दुसऱ्या लेन्सचा निर्णय मात्र त्यांनी माझ्याशिवाय घेतला. गर्दीच्या प्रसंगांसाठी त्या १८–५५ वापरत राहिल्या आणि एका नाटकाचे सगळे काम झाल्यावर त्यांनी पुन्हा एक्झिफची वर्गवारी केली. ५५ वरचा ढीग नाहीसा झाला होता. ते काम आता ८५ करत होती. २४ ते ३५ च्या दरम्यान पूर्वी बारकासा दिसणारा उंचवटा आता स्पष्ट टेकडीसारखा उठून दिसत होता, आणि त्याला दोन्ही बाजूंना उतार होता : झूमला अलीकडेही जाता येत होते, पलीकडेही, तरी हात तिथेच थांबत होता. शिवाय त्या टेकडीतली बरीच छायाचित्रे नंतर थोडी कापलेली होती, म्हणजे माथा ३५ कडे झुकलेला. त्यांनी डीएक्स ३५ मिमी एफ/१.८ जी घेतली. २०० ग्रॅमची ही लेन्स ५ मीटरवरून ३.३६ मीटर रुंदी दाखवते, आणि चार-पाच पात्रांचा प्रसंग तेवढ्यात मावतो. ती क्रॉप सेन्सरपुरतीच आहे, कॅमेरा बदलला तर उपयोगाची राहणार नाही, हे माहीत असूनच ती घेतली आहे.

आता संस्थेचा पुढचा प्रयोग मोठ्या नाट्यगृहात होणार आहे आणि बाईंना रंगमंचापासून सुमारे १५ मीटरवर उभे राहावे लागणार आहे. तिथून ८५ मिमीने ४ मीटरहून अधिक रुंदी दिसेल, म्हणजे एकटे पात्र पुन्हा कापून मोठे करावे लागेल. ७०–२०० चा विषय त्यामुळे परत निघाला आहे, आणि या वेळी तो अस्थानी नाही. मात्र त्याआधी त्यांनी माझ्याकडे ती जुनी ५५–२०० मागून घेतली आहे. कडी १३५ वर अडकवायची की १८०, हे त्या रंगीत तालमीत ठरवतील. चिकटपट्टी स्वतःची आणणार आहेत.